वेळेवर पोचायची शर्यत

‘‘शर्यतीला निघालीस आणि म्हणे गाडी हळू चालवायची! मग आमची बैलगाडी काय वाईट होती गो?’’

सासूबाईंच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण रॅली म्हणजे नेमकं काय, हे मलाही तेव्हा धड कळलेलं नव्हतं. करोनाच्या आधीची गोष्ट. मुंबईहून लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीपर्यंत फक्त बायकांची मोटार रॅली निघते, वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ती भरवते आणि महिला दिनाच्या आसपास ती असते, एवढीच माहिती माझ्या मुंबईच्या नणंदेनं फोनवर दिली होती. वर म्हणाली, ‘‘वहिनी, तू एवढी रत्नागिरीत गाडी फिरवतेस, ये की!’’

रत्नागिरीत गाडी फिरवणं म्हणजे काय, तर घरून मारुती मंदिर, तिथून बाजार, फार तर गणपतीपुळे. घाटात गाडी घालायची तर शेजारी ‘हे’ बसलेले असायचे आणि सगळा घाट त्यांच्या सूचनांनीच भरून जायचा. मी गाडी शिकले तीच मुळी पस्तिशी उलटल्यावर. त्यामुळे नणंदेला ‘बघू’ म्हणून मी फोन ठेवला. हे ‘बघू’ बायकांच्या तोंडी म्हणजे बहुतेक वेळा ‘नाही’च असतं.

पण त्याच आठवड्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक रिकामी जागा सगळ्यांच्या डोळ्यात खुपत होती, आणि त्या जागेनंच मला रॅलीपर्यंत नेलं.

पोळीवाल्या वहिनी

आमच्या गटात एक वहिनी होत्या. आंबापोळी आणि फणसपोळी अशा करायच्या की मुंबईकर मे महिन्यात आले की आधी त्यांच्याकडे वर्दी द्यायचे. म्हणून त्या सगळ्यांच्या पोळीवाल्या वहिनी. एका फेब्रुवारीत आंघोळ करताना त्यांच्या हाताला छातीत गाठ लागली. लिंबाएवढी नव्हे, चिंचोक्याएवढी. दुखत नव्हती. फेब्रुवारी म्हणजे आंबा तोंडावर आलेला. मार्च गेला, एप्रिल गेला, रस आटवायचे दिवस आले. त्यांनी मनाशी म्हटलं, सीझन होऊन जाऊ दे. सीझन झाला तर पाऊस लागला. पावसात लावणी. लावणी झाली तर गणपती. गणपतीत घरात पंचवीस माणसं. गौरी-गणपती गेल्यावर त्यांनी लेकीला सांगितलं. तोवर गाठ काखेत पोचली होती.

मग मुंबई, परळ, टाटा हॉस्पिटल. तिथल्या डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. पण कर्करोगाच्या हिशेबात आठ महिने फार मोठे असतात. दीड वर्षानं वहिनी गेल्या. जाण्याआधी एकदा मी भेटायला गेले होते तेव्हा म्हणाल्या, ‘‘मुंबई लांब आहे असं वाटलं गो. आणि खर्चाचं कुणाला सांगायचं? घरात पोरांच्या फिया.’’

मुंबई लांब आहे. हे वाक्य कोकणातल्या किती बायकांनी मनात म्हटलं असेल! रत्नागिरीहून परळ सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. पण अंतर किलोमीटरमध्ये नसतं. घरात स्वयंपाक कोण करणार, गुरं कोण बांधणार, सोबत कोण येणार, राहायचं कुठे, हे सगळं मिळून ते अंतर होतं.

बैठकीत मी नणंदेच्या फोनची गोष्ट गंमत म्हणून सांगितली. सगळ्या हसल्या. वहिनींची लेक तेव्हा आमच्या गटाचे हिशेब लिहायला यायची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. ती हसली नाही. म्हणाली, ‘‘काकू, परदेशात लोक अशा गाड्या चालवून पैसे जमवतात. आपण का नाही जमवायचे? आईसारख्या बायकांच्या भाड्यासाठी?’’

किलोमीटरला चार आणे

तिचं म्हणणं खरं होतं. धर्मादायासाठी लांबवर गाडी चालवायची ही पद्धत तिकडे चांगलीच रुजली आहे. २००४ मध्ये इंग्लंडहून ‘मंगोल रॅली’ सुरू झाली. जुन्या, लहान इंजिनाच्या गाड्या घेऊन हजारो किलोमीटर मंगोलियापर्यंत जायचं, आणि प्रत्येक गाडीनं किमान एक हजार पौंड चांगल्या कामासाठी उभे करायचे. त्याच मंडळींनी पुढे आपल्या देशात ‘रिक्षा रन’ सुरू केली. परदेशी पाहुणे आपली तीनचाकी रिक्षा घेऊन देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातात! २०१६ मध्ये भारुलता कांबळे ब्रिटनमधल्या ल्यूटनहून एकट्या मोटार चालवत ३२ देश ओलांडून भारतात आल्या, ‘मुलगी वाचवा, मुलगी शिकवा’ हे सांगत. आपल्याकडे लवासाच्या रॅलीतही २०१० नंतरच्या काही वर्षांत शेकडो बायकांनी स्तनांच्या कर्करोगाबद्दल जागृती करण्यासाठी मुंबई-पुण्याहून गाड्या नेल्या होत्या.

आम्ही साधा हिशेब केला. रत्नागिरी ते मुंबई, मुंबई ते अँबी व्हॅली आणि तिथून परत घरी, सगळं मिळून साधारण ८०० किलोमीटर. ज्याला जमेल त्यानं किलोमीटरमागे ठरावीक पैसे द्यायचे. किलोमीटरला दहा पैसे दिले तर ऐंशी रुपये, एक रुपया दिला तर आठशे. सासूबाईंनी कनवटीची पुरचुंडी सोडली आणि म्हणाल्या, ‘‘माझे चार आणे लिही. पण परतीचेसुद्धा धर, नाहीतर तिकडेच राहशील!’’ दोनशे रुपये झाले. हे आमचं पहिलं नाव.

नियम आम्ही आमच्यापुरते दोन केले. रॅलीची प्रवेश फी, पेट्रोल आणि खाणंपिणं आम्ही चौघींनी आपापल्या पैशातून करायचं, जमलेल्या पैशाला हात लावायचा नाही. आणि प्रत्येक रुपयाची पावती. मैत्रिणींनो, पैसे गोळा करणं सोपं असतं, विश्वास गोळा करायला पावतीपुस्तक लागतं.

दारोदार गेलो तेव्हा गमतीही झाल्या. रॅली म्हटल्यावर निम्म्या लोकांचा पहिला प्रश्न, ‘‘कुठल्या पक्षाची?’’ एका दुकानदारानं तर आधीच शंभराची नोट काढून ठेवली आणि म्हणाला, ‘‘वहिनी, झेंडा मात्र लावू नका.’’ मासळी बाजारातल्या बायकांनी मात्र काही विचारलं नाही. वहिनींचं नाव काढल्यावर एकीनं टोपलीवरचा फडका बाजूला करून पन्नास रुपये दिले, मग दुसरीनं, मग तिसरीनं. सगळं मिळून बासष्ट हजार जमले. आमच्या अंदाजाच्या तिप्पट.

गणिताच्या बाई आणि सेकंदांचा हिशेब

गाडीत चौघी. मी चालक. माझी धाकटी जाऊ बदली चालक. वहिनींची लेक मागच्या सीटवर. आणि माझ्या शेजारी, वाट सांगायला, आमच्या मुलांना शाळेत गणित शिकवलेल्या निवृत्त बाई. त्यांना घेण्याचं कारण रॅलीचे नियम वाचल्यावर कळलं.

ही रॅली वेगाची नसते. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘टीएसडी’ म्हणतात, म्हणजे वेळ, वेग आणि अंतर यांचा मेळ. निघताना हातात एक पुस्तिका देतात. त्यात गावांची नावं नसतात, छोट्या छोट्या आकृत्या असतात. गोळा म्हणजे आपण आलो ती बाजू आणि बाण म्हणजे जायची बाजू. हॉलंडमधल्या ट्युलिप रॅलीवरून या आकृत्यांनाही ट्युलिप म्हणतात. प्रत्येक टप्प्याला सरासरी वेग ठरवून दिलेला असतो आणि वाटेत कुठे वेळ नोंदणारी माणसं बसली आहेत ते सांगत नाहीत. ठरलेल्या सेकंदाला त्यांच्यासमोरून जायचं. उशीर झाला तर दंडाचे गुण, आणि लवकर पोचलात तरीही दंड! अनेक रॅलींमध्ये तर लवकर पोचल्याचा दंड जास्त असतो.

बाईंनी आदल्या रात्री वहीत कोष्टक काढलं. ताशी ३० चा वेग म्हणजे किलोमीटरला दोन मिनिटं. ताशी ४० म्हणजे दीड मिनिट. ताशी ३६ म्हणजे बरोबर शंभर सेकंद. ‘‘बारा किलोमीटर चारशे मीटर, वेग छत्तीस, किती वेळ?’’ असं त्यांनी विचारलं तेव्हा मला चाळिशीत पुन्हा बाकावर उभं राहिल्यासारखं वाटलं. वहिनींच्या लेकीनं उत्तर दिलं, ‘‘वीस मिनिटं चाळीस सेकंद.’’ बाई खूश!

पण रॅलीच्या आधी मुंबई गाठायची होती. शनिवारी पहाटे पाचला निघालो. गाडीच्या मागच्या काचेवर आणि दोन्ही बाजूंना कापडी फलक बांधले होते. त्यावर लेकीनंच लिहिलं होतं, ‘गाठ लपवू नको, दाखवायला चल!’

हातखंबा, संगमेश्वर, सावर्डे, चिपळूण, मग परशुराम घाट. चौपदरीकरणाचं काम जागोजागी चाललेलं. वळणावरची धूळ, मध्येच डांबर, मध्येच खडी. कशेडीचा बोगदा तेव्हा झाला नव्हता, सगळा घाट गाडीनं चढायचा. शेजारी ‘हे’ नव्हते. पहिल्या तीन वळणांना माझे तळहात घामानं ओले झाले. चौथ्या वळणावर बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘समोरून ट्रक येतोय, तो त्याच्या बाजूनं जाईल, तू तुझ्या बाजूनं जा.’’ एवढंच. घाटात एवढीच सूचना पुरते, हे मला त्या दिवशी समजलं.

महाडच्या अलीकडे सावित्रीचा पूल आला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला जुना पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या आणि त्यातली माणसं गेली. आता तिथे नवा पूल आहे. आम्ही चौघी पुलावरून जाताना आपोआप गप्प झालो. त्या गाड्या आपल्याच कोकणातून मुंबईला निघालेल्या होत्या.

चहाच्या टपरीवर

माणगावजवळ चहाला थांबलो. टपरी चालवणारी बाई माझ्याच वयाची असेल. चहा देताना तिची नजर पुन्हा पुन्हा फलकाकडे जात होती. तिचा नवरा पलीकडे ट्रकवाल्यांशी बोलत होता. पैसे घ्यायला ती गाडीपाशी आली आणि हळूच म्हणाली, ‘‘ताई, गाठ दुखत नसली तरी दाखवायची का?’’

मी काही बोलायच्या आधी वहिनींची लेक खाली उतरली. म्हणाली, ‘‘मावशी, न दुखणारीच आधी दाखवायची. माझ्या आईची दुखत नव्हती.’’ मग दोघी टपरीच्या मागच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. पाच-सात मिनिटं काय बोलल्या कोण जाणे. परत आली तेव्हा लेकीनं एवढंच सांगितलं, ‘‘चार महिने झालेत. नवऱ्याला सांगितलेलं नाही.’’

मुंबईला पोचेपर्यंत गाडीत फारसं कुणी बोललं नाही.

रविवारी पहाटे रॅलीच्या मैदानावर पोचलो आणि डोळे दिपले. फुलांनी मढवलेल्या गाड्या, नऊवारी नेसून गॉगल लावलेल्या बायका, एका गाडीला मिशा, एका गाडीवर भला मोठा मंगळसूत्राचा देखावा! आमची आपली धुळीनं लाल झालेली गाडी आणि कापडी फलक. धाकट्या जावेनं पुसायला फडकं काढलं तर बाई म्हणाल्या, ‘‘राहू दे ती धूळ. साडेतीनशे किलोमीटर आलोय, दिसू दे लोकांना.’’ आणि खरंच, त्या लाल धुळीमुळेच कितीतरी जणी चौकशी करायला आल्या. कुठून आलात? रत्नागिरीहून चालवत? आणि फलक कशाबद्दल?

झेंडा पडला आणि गाडी सुटली. बाई सेकंद मोजतायत, लेक आकृत्या वाचतेय, जाऊ मीटर बघतेय. पहिला टप्पा छान गेला. दुसऱ्या टप्प्यात एका गावाच्या फाट्यावर वरात आडवी आली आणि तिच्या नादात आम्ही बाण चुकलो. दीड किलोमीटर पुढे गेल्यावर बाईंच्या लक्षात आलं. दीड जाऊन दीड परत, तीन किलोमीटर जादा. वेग तीसचा. म्हणजे सहा मिनिटं गेली.

आता मी काय केलं असेल? जे आपण सगळ्या करतो तेच. उशीर झाला म्हणून घाबरले आणि गाडी दामटली. बाई ‘‘हळू, हळू’’ म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. पुढच्या टप्प्यात इतकी पुढे गेले की वळणापलीकडे वेळ नोंदणारी मंडळी बसली होती त्यांच्यासमोर दोन मिनिटं लवकर! उशिराचा दंड वेगळा, घाईचा दंड वेगळा. बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, ‘‘उशीर झाला म्हणून घाई करायची नसते. उशीर झाला की पुढचा हिशेब शांतपणे करायचा असतो.’’

निकालात आमचा नंबर कितवा आला ते विचारू नका. मागून मोजलेलं बरं! पण त्या वाक्यानं मी दिवसभर अस्वस्थ होते. कारण वहिनींच्या बाबतीतही हेच झालं होतं. आठ महिने उशीर झाला, आणि मग शेवटी एकदम धावपळ. कर्ज काढ, गाडी कर, कुणीतरी सांगितलेल्या वैदूकडे जा, तिथून परत मुंबई.

खिळा, पिन आणि धीर

परतीच्या वाटेवर बाईंनी आम्हाला एक गोष्ट सांगितली. तिच्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. जगातला पहिला लांबचा मोटार प्रवास कुणी केला? मोटार बनवणाऱ्या कार्ल बेन्झनं नव्हे, त्याच्या बायकोनं! १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन जर्मनीतल्या मॅनहाइमहून आपल्या माहेरी, फोर्त्सहाइमला निघाली. सुमारे १०६ किलोमीटर. तोवर ती गाडी घराच्या आसपासच फिरलेली. इंधनाची नळी चोंदली तर बर्थानं टोपीची पिन घालून मोकळी केली. तार उघडी पडली तर मोजे बांधायच्या पट्ट्यानं गुंडाळली. इंधन संपलं तर वाटेतल्या गावच्या औषधांच्या दुकानातून विकत घेतलं. ब्रेक झिजले तर मोच्याकडून चामडं बसवून घेतलं. लोकांना तोवर या गाडीचा भरवसा वाटत नव्हता. बर्था पोचली आणि गाडी चालते हे जगाला दिसलं.

‘‘बघा,’’ बाई म्हणाल्या, ‘‘तिनं कुठलं मोठं अवजार नेलं नव्हतं. जवळ होतं त्यात भागवलं. फक्त निघाली.’’

सोमवारी खोपोली-पालीवरून परत महामार्गाला लागलो आणि माणगावच्या त्याच टपरीपाशी थांबलो. टपरीवाल्या बाईनं आम्हाला लांबूनच ओळखलं. या वेळी ती नवऱ्याला घेऊन गाडीपाशी आली. त्यानं विचारलं, ‘‘खर्च किती येईल हो ताई?’’ आमच्या बासष्ट हजारातलं पहिलं नाव तिथे लिहिलं गेलं, रत्नागिरीतल्या नव्हे, रायगडातल्या एका बाईचं. तपासणीसाठी जायचं भाडं आणि दोन दिवसांचा खर्च, एवढंच. तीन आठवड्यांनी लेकीला फोन आला. गाठ साधी निघाली, कर्करोगाची नव्हती. फोनवर ती रडत होती आणि इकडे आमची लेकही.

मैत्रिणींनो, छातीतल्या बहुतेक गाठी साध्याच असतात. म्हणूनच दाखवायचं. साधी असेल तर झोप लागते, आणि नसेल तर वेळ हातात असतो.

अंतर कमी करायचं तर

आपण मुंबई लांब म्हणतो, पण आता बरंचसं जवळ आलं आहे. चिपळूणजवळच्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाशी टाटाचं कर्करोगाचं काम जोडलेलं आहे, म्हणजे पहिली पायरी आपल्याच जिल्ह्यात आहे. तीस वर्षांवरच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून करायची असा कार्यक्रम आहे. आपल्या गावच्या आशाताईला विचारा. पुढे मुंबईला जावंच लागलं तर कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत शयनयान आणि एसी थ्री टायरला पूर्ण सवलत आहे, सोबत्यालाही ७५ टक्के. त्यासाठी हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, तो आधी मागून घ्या. एसटीत १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही दोन ठिकाणं रुग्णांच्या नातेवाइकांना वर्षानुवर्षं आधार देत आली आहेत. जागा मिळेलच असं नाही, पण आधी चौकशी करून ठेवलेली बरी.

तपासणीनं काय होतं, याचा पुरावाही आपल्याच मुंबईत तयार झाला आहे. टाटाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका हातानं तपासणी करायच्या. मोठं यंत्र नाही, काही नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष आला. तपासणी झालेल्या बायकांचे कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडले, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. गर्भाशयमुखाची तपासणी तर साध्या पातळ केलेल्या ॲसिटिक ॲसिडनं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं त्यानं केली. त्यातही मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं. बर्थाच्या टोपीच्या पिनेसारखंच की हे! जवळ होतं त्यात भागवलं.

आमच्या पैशातून पहिल्या वर्षी नऊ जणी तपासणीला जाऊन आल्या. सात जणींचं काही निघालं नाही. दोघींना कर्करोग निघाला. त्यातली एक आज आमच्या गटात पापड लाटते. दुसरीला उशीर झाला होता. म्हणजे रॅलीनं सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. बासष्ट हजार वर्षभरात संपले, पुन्हा पावतीपुस्तक घेऊन फिरावं लागलं, आणि पुढच्या वर्षी करोनानं सगळंच थांबवलं. पण ‘मुंबई लांब आहे’ हे वाक्य आमच्या गटात आता कुणी मनातल्या मनात म्हणत नाही. मोठ्यानं म्हणते, आणि मग कुणीतरी सोबत निघते.

मला आता घाटात एकटीनं गाडी चालवता येते. ‘हे’ शेजारी बसले तरी डोळे मिटून बसतात, भीतीनं की विश्वासानं ते विचारलेलं नाही. वहिनींची लेक आता नोकरी करते, पण फेब्रुवारी लागला की गटातल्या प्रत्येकीला तिचा फोन येतो. ‘‘काकू, सीझन सुरू व्हायच्या आधी तपासून घ्या हां.’’

आंबा वर्षातून एकदाच येतो हे खरं. पण दरवर्षी येतो. या वर्षी तुमचा मोहोर गळायच्या आत तुम्ही तेवढं एक काम उरकून घ्या. आणि शेजारणीला सोबत न्या, तीही बहुतेक ‘बघू’च म्हणत असेल.